ठावठिकाणा कोण विचारतंय?

फोनचं लोकेशन बंद ठेवून नकाशात नुसतं ‘माहीम’ लिहिलं, तर आपण पालघरजवळच्या माहीमच्या वाडीत उभे असलो तरी समोर बहुधा मुंबईचं माहीम येतं. लोकेशन बंद असलं की नकाशाच्या हाती फक्त इंटरनेट जोडणीचा पत्ता उरतो. मोबाइल कंपन्यांची ही जोडणी पुष्कळदा मुंबईतल्या केंद्रातून पुढे जाते, म्हणून अंदाजही मुंबईकडे झुकतो. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आजचा पालघर तालुका ‘माहीम’ या नावानेच नोंदलेला आहे. पण आज मुंबईचं माहीम शोधणारे कितीतरी जास्त, तेव्हा नकाशाचा कौल त्यांच्याच बाजूने पडतो. मग कुरियरवाला पत्ता विचारत फिरतो, पाहुणे भलतीकडचं अंतर बघून फोन करतात, आणि आपण ‘केळवे-माहीम लिहा, केळवे-माहीम’ असं सांगत बसतो.

लोकेशन कायम बंद ठेवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांचं कारणही साधं असतं: बॅटरी उतरते. किनारपट्टीवर बॅटरीची काळजी उगीच वाटत नाही. पावसाळ्यात वारा सुटला, एखादं झाड तारांवर पडलं, की वीज कधी येईल याचा भरवसा नसतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने तर तो अनुभव सगळ्या किनाऱ्यालाच दिला. अशा वेळी फोनमध्ये उरलेले तीस-चाळीस टक्के फार मोलाचे वाटतात. पण लोकेशनचं मोठं बटण बंद करणं हा त्यावरचा बरोबर उपाय नाही, असं माझं ठाम मत आहे. लोकेशन नुसतं चालू असल्याने बॅटरी जवळजवळ उतरत नाही. कोणतं ॲप ठावठिकाणा विचारतं, किती वेळा विचारतं आणि विचारून झाल्यावर पुढे काय करतं, यावर सगळा खर्च ठरतो. तो कसा, हे कळण्यासाठी फोनला आपली जागा सापडते तरी कशी, ते आधी पाहू.

बऱ्याच जणांची समजूत असते की फोन उपग्रहाला संदेश पाठवतो आणि उपग्रह जागा सांगतो. तसं नाही. जीपीएसच्या बाबतीत फोन फक्त ऐकतो. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि आपली वेळ व आपली कक्षा सतत प्रसारित करत असतात. तो संदेश खाली यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. वेगवेगळ्या उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून फोन प्रत्येकाचं अंतर काढतो. तांडेल किनाऱ्यावरची टेकडी, देवळाचा कळस आणि ताडांची रांग यांवरून होडी कुठे आहे ते ताडतो, तसंच हे काम आहे. फरक इतकाच की फोनच्या खुणा आकाशात असतात, त्या स्वतः फिरत असतात, आणि निदान चार दिसल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. मोकळ्या आकाशाखाली त्याचं उत्तर साधारण ५ मीटरच्या आत बरोबर येतं.

हा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत विलक्षण क्षीण झालेला असतो. एका वॅटचे एकावर सोळा शून्यं इतके भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी त्याची ताकद उरते. शिवाय तो येतो अतिशय सावकाश, सेकंदाला ५० बिट या वेगाने. एका उपग्रहाच्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी एकदा पूर्ण होते, आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. बराच काळ बंद असलेला फोन उघड्यावर नेला की निळा ठिपका लवकर स्थिर होत नाही, त्यामागे हेच कारण असतं. मोबाइल डेटा चालू असेल, तर ही कक्षांची माहिती फोन इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो. उपग्रहाकडून ऐकत बसायचा वेळ वाचतो आणि तेवढी बॅटरीही वाचते. डेटा बंद असला की ठिपक्याला जास्त वेळ का लागतो, तेही यावरून समजेल.

माहीम-केळव्याच्या वाड्यांमध्ये यात आणखी एक भर पडते. नारळ आणि सुपारीची दाट छाया, त्याखाली केळी आणि पानवेली. पानांमध्ये पाणी असतं, आणि ओली पानं हा क्षीण संदेश अडवतात. पावसानंतर तर जास्तच. वाडीच्या मध्यावर उभं राहून जागा शोधायला लावली, तर फोन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, उत्तर वीस-तीस मीटर इकडेतिकडे नाचतं आणि तेवढा वेळ त्याचा प्रोसेसर जागा राहतो. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला आपल्याच फोनवरून पिकाचा फोटो जागेच्या नोंदीसह काढावा लागतो. बागायतदाराने ते काम करताना आधी वाडीच्या कडेला, आकाश दिसतं अशा ठिकाणी मिनिटभर उभं राहावं, डेटा चालू ठेवावा आणि ठिपका स्थिर झाला की मग आत जाऊन फोटो काढावा. काम लवकर होतं आणि फोनही तापत नाही.

जीपीएस हा फोनचा एकमेव मार्ग नाही. घरात, गाडीत, बाजारात तो बहुतेक वेळा दुसऱ्याच मार्गांनी जातो. आसपासचे वायफाय राउटर कोणते आहेत ते पाहून तो काही दहा मीटरच्या आत जागा ओळखतो. मोबाइलच्या टॉवरवरून काही शे मीटर ते काही किलोमीटर एवढा ढोबळ अंदाज येतो. पण टॉवरशी फोनचं बोलणं तसंही चालूच असतं, म्हणून या अंदाजाचा वेगळा खर्च जवळपास शून्य. स्वस्त मार्गाने भागत असेल तर आजचे फोन महागडा मार्ग धरत नाहीत. फोन टेबलावर पडून आहे हे त्याच्या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरला कळतं, आणि जागा हललीच नाही तर पुन्हा शोधायचंही तो टाळतो. या समंजसपणावर पाणी पडतं ते एखादं ॲप ‘मला अगदी नेमकी जागा, दर काही सेकंदांनी, सतत हवी’ असा हट्ट धरतं तेव्हा.

जीपीएसची चिप स्वतः फार वीज घेत नाही. खर्च होतो तो तिच्यामुळे इतरांना जागं राहावं लागतं म्हणून. खिशातला फोन खरं तर बहुतेक वेळ झोपलेला असतो. त्याला दर थोड्या वेळाने उठवायचं, प्रोसेसर चालवायचा, जागा काढायची, मग ती मोबाइल नेटवर्कवरून कुठेतरी पाठवायची; पाठवून झाल्यावरही रेडिओ लगेच झोपत नाही, काही सेकंद जागाच राहतो. नेटवर्क कमजोर असेल तर टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन जास्त ताकदीने प्रक्षेपण करतो. आज मिळणाऱ्या साध्या फोनची बॅटरी ५,००० मिलीअँपिअर-तासांची असते, म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. समजा, असल्या एका ॲपमुळे फोन सरासरी अर्धा वॅट जास्त खाऊ लागला. तर आठ तासांच्या पाळीत ४ वॅट-तास गेले, म्हणजे बॅटरीचा पाचवा हिस्सा, आणि तोही स्क्रीनला हातसुद्धा न लावता. नकाशा समोर उघडा ठेवून गाडी चालवताना याच्या कितीतरी पट वीज जाते, पण तिथे मोठा वाटा उन्हात पूर्ण उजळलेल्या स्क्रीनचा असतो. त्याचा दोष आपण लोकेशनला देतो.

तेव्हा आवरायचं आहे ते पाठीमागे चालणारं विचारणं. गेल्या दहा-बारा वर्षांत फोन बनवणाऱ्यांनी यासाठी बऱ्याच सोयी केल्या, फक्त त्या सेटिंगमध्ये खोल दडलेल्या आहेत. ॲप वापरात असतानाच लोकेशन द्यायचं, ही सोय आयफोनवर २०१४ मध्ये आली. अँड्रॉइडवर ती २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीबरोबर मिळाली. ‘फक्त या वेळेपुरतं’ हा पर्याय आयफोनवर २०१९ मध्ये आणि अँड्रॉइडवर २०२० मध्ये आला. त्याआधी, २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासूनच, पाठीमागे असलेल्या ॲपला तासाभरात मोजक्याच वेळा जागा मिळेल असं बंधन अँड्रॉइडने घातलं होतं. त्यातून एक वाट मात्र मोकळी आहे. जे ॲप वरच्या पट्टीत आपली सूचना कायम दाखवत राहतं, त्याला हे बंधन लागू होत नाही, कारण ते ‘उघडपणे चालू’ धरलं जातं. म्हणून बॅटरी उतरत असेल तर आधी पट्टी खाली ओढून बघावं. तिथे हलवता न येणारी एखादी सूचना दिवसभर ठाण मांडून असेल, तर चोर बहुधा तिथेच सापडतो.

मग सेटिंगमध्ये लोकेशन उघडावं. अलीकडे कोणत्या ॲपने जागा मागितली, ती यादी तिथेच दिसते. आयफोनवर प्रत्येक ॲपच्या नावापुढे छोटा बाण असतो: जांभळा असेल तर नुकतीच जागा घेतली आहे, करडा असेल तर गेल्या चोवीस तासांत कधीतरी. यादी वाचताना प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारायचा: मी याला हात लावलेला नसताना याला माझी जागा कशाला हवी? खरेदीच्या ॲपला नको. फोटोत चेहरे सजवणाऱ्या ॲपला नको. खेळाला नको. टॉर्चच्या ॲपला तर मुळीच नको. ते ठेवण्याचीही गरज नाही. रिक्षा-टॅक्सी आणि जेवण मागवण्याच्या ॲपला ‘वापरात असताना’ एवढी परवानगी पुरते. हवामानाच्या ॲपला नेमकी जागा लागतच नाही. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून ‘अंदाजे’ जागा देता येते. ती साधारण ३ चौरस किलोमीटरच्या टापूएवढी असते. माहीमचा पाऊस कळायला तेवढं पुष्कळ झालं.

डहाणू लोकलने ये-जा करणाऱ्यांसाठी हा प्रश्न रोजचा. विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाडी २०१३ मध्ये धावू लागली. माहीमची माणसं पालघरला किंवा केळवे रोडला गाडी धरतात, आणि गाडी कुठे आली हे बघायला हातात फोन असतोच. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप गाडीत बसलेल्याला जीपीएसशिवाय आणि इंटरनेटशिवायही, नुसत्या मोबाइल टॉवरवरून गाडीची जागा दाखवू शकतं. त्यात टॉवरचा पर्याय निवडला की वैतरणेच्या पुलावर डेटा गेला तरी अडत नाही आणि बॅटरीही जास्त टिकते. गाडी रुळांवरूनच जाणार हे ॲपला ठाऊक असतं, म्हणून टॉवरचा ढोबळ अंदाजही पुरतो. स्वस्त मार्ग हुशारीने कसा वापरावा याचा इतका चांगला नमुना मी दुसरा पाहिलेला नाही. रेल्वेच्या मोबाइल तिकिटाची गोष्ट वेगळी. रुळांच्या अगदी जवळ उभं राहून तिकीट काढता येऊ नये म्हणून तिथे जागा तपासतात, त्यामुळे लोकेशन लागतंच. पण ते तिकीट काढण्यापुरतं. ‘वापरात असताना’ ही परवानगी दिली की ॲप बंद झाल्यावर विचारणंही बंद.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत रातपाळी करणाऱ्यांच्या घरी आणखी एक सवय दिसते. पाळीला निघताना व्हॉट्सॲपवरून लाइव्ह लोकेशन पाठवायचं. आईला, बायकोला धीर वाटतो, आणि वाटायलाच हवा. २०१७ मध्ये आलेल्या या सोयीत तीन मुदती असतात: १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास. सवयीने बोट आठ तासांवर जातं. मग माणूस कारखान्यात एका जागी काम करत असतो आणि फोन त्याची न बदलणारी जागा सांगण्याच्या तयारीत रात्रभर राहतो, तेही पत्र्याच्या छपराखाली, जिथे उपग्रह दिसत नाहीत. त्यापेक्षा जाताना एक तास आणि सुटल्यावर पुन्हा एक तास पाठवावं. काळजी असते ती रस्त्याची. पहाटे सुटल्यावर फोनमध्ये जीव असणं घरच्यांनाही जास्त महत्त्वाचं.

बॅटरी वाचवण्याच्या नादात काही गोष्टी मात्र बंद करू नयेत असं मी आग्रहाने सांगेन. पहिली म्हणजे ‘दामिनी’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, तयार केलेलं हे ॲप आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडत असेल तर इशारा देतं. जून आणि ऑक्टोबरमध्ये शेतात, खाजणात, उघड्या किनाऱ्यावर काम करणाऱ्याला तो इशारा जीव वाचवणारा ठरू शकतो. या ॲपला जागा ‘नेहमी’ द्यावी. तेवढ्याने भागत नाही. फोनच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘या ॲपवर निर्बंध नको’ असंही करावं, कारण कित्येक कंपन्यांचे फोन पाठीमागची ॲपं गुपचूप झोपवून टाकतात. बॅटरी सेव्हर लावला की काही फोन स्क्रीन मिटताच लोकेशन थांबवतात. आभाळ भरून आलेलं असताना सेव्हर चालू असेल, तर इशारा वेळेवर येईल याची खात्री धरू नये. अशा दिवशी आभाळाकडेच लक्ष ठेवावं.

दुसरी गोष्ट भूकंपाची. डहाणू-तलासरी पट्टा नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सोसतो आहे. धुंदलवाडीचं नाव तेव्हापासून सगळ्यांना माहीत झालं. अँड्रॉइड फोनवरची भूकंपाच्या इशाऱ्याची सोय सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात आली. चार्जिंगला लावलेले, एका जागी स्थिर असलेले हजारो फोन आपल्या हालचालीच्या सेन्सरने कंपन टिपतात आणि आपली ढोबळ जागा कळवतात. त्यावरून भूकंपाचा उगम ठरतो आणि पुढच्या भागातल्या फोनना काही सेकंद आधी सूचना जाते. ४.५ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेच्या धक्क्यासाठीच हा इशारा येतो. डहाणूचे बहुतेक धक्के त्याहून लहान होते, पण मोठा धक्का सांगून येत नाही. या सोयीला लोकेशन आणि इंटरनेट चालू लागतं, आणि बॅटरीचा खर्च नगण्य असतो. लोकेशनचं मोठं बटण बंद केलं की हेही गेलं, आणि हरवलेला फोन नकाशावर शोधण्याची सोयही गेली.

ज्यांना आणखी थोडं वाचवायचं आहे त्यांनी लोकेशनच्याच पानावर वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग हे दोन पर्याय पाहावेत. वायफाय बंद केलेलं असलं तरी ॲपना जागा कळावी म्हणून फोन आसपासचे राउटर हुंगत राहतो, तो या पर्यायामुळे. पालघर, बोईसरच्या बाजारात त्याचा उपयोग होतो. वाडीत किंवा समुद्रावर, जिथे राउटरच नाहीत, तिथे नाही. बचत मोठी नाही, पण बंद केल्याने फारसं बिघडतही नाही. बॅटरी वाचवून देतो म्हणणारी वेगळी ॲपं मात्र टाकू नयेत. ती स्वतःच पाठीमागे जागी राहतात.

समुद्राचं गणित निराळं आहे. सातपाटीहून किंवा माहीमच्या किनाऱ्यावरून नौका बाहेर पडली की थोड्या वेळाने टॉवर दुबळे होत जातात आणि पुढे संपतात. फोन मात्र शोधणं सोडत नाही. पूर्ण ताकदीने, पुन्हा पुन्हा टॉवर धुंडाळत राहतो आणि दुपारपर्यंत बॅटरी तळाला जाते. खलाशी म्हणतात, जीपीएसने खाल्ली. खाल्ली ती नेटवर्कच्या शोधाने. नेटवर्क गेलं की फोन एअरप्लेन मोडवर टाकावा आणि लोकेशन चालूच ठेवावं. जीपीएस फक्त ऐकतो, त्याला टॉवर लागत नाही. आजच्या फोनमध्ये तो एअरप्लेन मोडवरही चालतो. समुद्रावर डोक्यावर झाडं नाहीत की इमारती नाहीत, तेव्हा जागा नेमकी मिळते. मात्र दोन कामं किनारा सोडण्यापूर्वी करायची. त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवायचा, आणि डेटा चालू असतानाच नकाशा उघडून ठिपका स्थिर होऊ द्यायचा, म्हणजे उपग्रहांच्या कक्षांची ताजी माहिती फोनजवळ राहते. एअरप्लेन मोडवर फोन येत नाही आणि वादळाचा संदेशही येत नाही, म्हणून परतताना किनारा दिसू लागला की तो मोड काढायला विसरू नये.

आपण कुठे आहोत हे कळणं आणि ते दुसऱ्याला कळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टॉवर नसलेल्या समुद्रात साधा फोन पहिलीच करू शकतो. दुसरीसाठीची देशभराची योजना पालघरमध्येच सुरू झाली: ३० ऑगस्ट २०२४ रोजी, वाढवण बंदराची पायाभरणी झाली त्याच कार्यक्रमात. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेत १ लाख मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर बसवायचे ठरलं. हे यंत्र उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश नेतं. संकटात नौकेवरून हाक जाते, किनाऱ्यावरून हवामानाचा इशारा येतो, आणि सागरी हद्द जवळ आली तर सूचना मिळते. ज्या नौकेवर ते बसवलेलं आहे, तिच्या तांडेलाने निघण्यापूर्वी त्याची वीजजोडणी आणि अँटेना तपासावा. फोनचं चार्जिंग त्यानंतर.